एफ म्हणजे डोंगर

मी एक जुनी, हिरवी, मागच्या दारापाशी थोडी गंजलेली गाडी आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता ही आपल्या वेगाच्या बढाया मारणार. तसं काही नाही. मी वेगासाठी बनलेच नव्हते, मी चढासाठी बनले. शेजारच्या देशातल्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले तेव्हाच ठरलं होतं की मला बर्फात राहायचं आहे. गरज पडली की माझी चारही चाकं जोर लावतात. एवढीच माझी हुशारी, आणि दुखणं आलं तेही तिथेच.

हे कसं चालतं ते एकदाच सांगते, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर आहे. एरवी मला पुढची दोन चाकंच ओढतात, मागची नुसती सोबत करतात. बर्फावर पुढची घसरू लागली की मागच्या आसापाशी असलेलं कपलिंग आवळलं जातं आणि मागच्यांनाही जोर मिळतो. मात्र चारही चाकं एका मापाची हवीत, आणि झिजलेलं चाक थोडं लहान होतं. पुढची मोठी आणि मागची लहान असली, तर तेवढ्याच रस्त्याला मागची जास्त फिरतात, पुढची कमी, आणि मधल्यामध्ये कपलिंगची ओढाताण होते. ते तापतं. फार तापलं की स्वतःला वाचवायला काम बंद करतं आणि चालकासमोर पिवळा दिवा लागतो. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच.

मला घेतलं ते स्टाइनार आणि बोर्गहिल्ड या नवराबायकोने. पश्चिम नॉर्वेत, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, काठावरच्या गावात, सगळ्यात वरचं घर त्यांचं. खाली मोठ्या रस्त्यावर टपालपेट्यांची रांग आहे, तिथून चढ सुरू होतो. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे उन्हं पोचत नाहीत. नोव्हेंबरात धरलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. त्या वळणावरून वर जाणाऱ्या गाडीलाच आमच्या घरी मान.

स्टाइनार मेंढ्या पाळायचा आणि बोलणं टाळायचा. 'हो' म्हणायचं झालं तरी श्वास आत ओढत म्हणायचा. आमच्या भागात पुष्कळ जण तसं म्हणतात, पण बोर्गहिल्डचं म्हणणं, हा शब्द खर्च होऊ नये म्हणून परत गिळतो. खडू हातात घेतला तरी त्याचा हात असाच आखडलेला. माझ्यासाठी हिवाळी चाकांचे दोन संच होते. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. एक नवा, खोल खाचांचा, तो डोंगर ओलांडून पलीकडच्या लाकडी खोपटात जायला, ईस्टरच्या सुट्टीत, वर स्की बांधून आणि आत संत्री भरून. दुसरा अर्धा झिजलेला, तो गावात दुकानाला, चर्चला, डॉक्टरकडे जायला. धड असलेली वस्तू टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. डोंगराला आमच्याकडे 'फ्येल' म्हणतात आणि गावाला 'बिग्ड'. म्हणून नव्या चारही चाकांवर त्याने खडूने नुसतं 'एफ' लिहिलं आणि जुन्या चारही चाकांवर नुसतं 'बी'. शेडच्या एका भिंतीवर चार एफ टांगलेले, समोरच्या भिंतीवर चार बी. त्याला कळत होतं, बोर्गहिल्डला कळत होतं. मलाही कळत होतं, पण मला विचारतो कोण.

ती वर्षं चांगली गेली. एका फेब्रुवारीत शेजारच्या आर्नफिनची कोरी करकरीत गाडी त्या वळणावर आडवी झाली, ती मी दोरखंडाने वर ओढून आणली. आर्नफिन खाली उतरला आणि त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली. गाड्यांना शाबासकी मिळते ती अशीच. नंतर माझा रंग उडाला, दाराला गंज चढला, आणि थापा मारणं कमी झालं. त्याचं मला विशेष वाटलं नाही.

मग एका ऑगस्टमध्ये स्टाइनार गेला. कुरणात बसला होता, तो उठला नाही.

अंत्यविधीनंतर त्यांची मुलगी मारित काही दिवस राहिली. ती बर्गन शहरात शिक्षिका आहे. खाली गावात, आरोग्यकेंद्राशेजारी, म्हाताऱ्या माणसांसाठी नवी घरं झाली आहेत. आईने हिवाळ्याच्या आत तिथे यावं, असा तिचा आग्रह होता. तिचं काही चुकत नव्हतं. त्या वळणाची भीती तिला लहानपणापासून होती, आणि आता वर आई एकटी. बोर्गहिल्डने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग एका वाक्यात विषय मिटवला.

"गाडी वर चढते आहे तोवर मी वर. ती चढेनाशी झाली की मी खाली."

मारितने ते मान्य केलं. माझ्याकडे बघून केलं, एवढं मला आठवतं. त्या दिवसापासून त्या बाईचं घर माझ्या चाकांवर उभं होतं, आणि मला ते कुणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात चाकं बदलायची वेळ आली. आजवर हे काम स्टाइनारचं. या वेळी आर्नफिन न बोलावता आला, जॅक आणि पाना घेऊन. शेजारधर्म म्हणतात तो हाच. आर्नफिनची उभी हयात फेरीबोटीवर गाड्या लावण्यात गेली. ही पुढे घे, ती मागे घे, हेच त्याचं जगणं. आता पाहा, पुढे याला आमचा शब्द 'फोरान' आणि मागे याला 'बाक'. त्याने शेडमध्ये पाहिलं, तर एका भिंतीवर चार एफ, एका भिंतीवर चार बी. त्याने लगेच हिशेब लावला. दोन संच आहेत, प्रत्येकात पुढची दोन आणि मागची दोन. मग त्याने या भिंतीवरून दोन काढली, त्या भिंतीवरून दोन काढली, एफ पुढे बसवली, बी मागे बसवली, आणि स्टाइनार किती नीटनेटका होता याचं कौतुक करत कॉफी प्यायला.

'ध'चा 'मा' करायला मनात पाप लागतंच असं नाही. भला शेजारीही ते काम करतो.

पहिला बर्फ पडायच्या आतच पिवळा दिवा लागला. बोर्गहिल्डने त्यावर बोटाने टिचकी मारली, तो गेला नाही. नोव्हेंबरात वळणावर माझी पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि मागची आली नाहीत मदतीला. आम्ही दोघी हळूहळू मागे घसरत टपालपेट्यांपर्यंत आलो. तिने हँडब्रेक ओढला, मग सामानाची पिशवी उचलून पायी वर गेली.

गावात सुन्निवाचं गॅरेज आहे. बाई कामात हुशार, यात शंका नाही. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना तूच म्हणतात, तशी ती बोर्गहिल्डला म्हणाली की ठेव तू गाडी, मी बघते. तिने संगणक जोडला. त्याने सांगितलं, कपलिंग तापतं आहे. तिने कपलिंगचं जुनं तेल काढलं, ते काळं झालं होतं. आतली जाळी चिखलाने भरलेली होती, ती धुतली. मला बरं वाटलं. गावात तीनचार फेऱ्या होईपर्यंत दिवा गप्प राहिला, मग परत लागला. तिने पंप तपासला, तारा तपासल्या. सगळं ठीक. चाकंही पाहिली तिने. चारही एका कंपनीची, एका नक्षीची. पुढच्या एका चाकाची खाच मोजली, भरपूर होती. माझ्यासारख्या गाड्यांची पुढची चाकं आधी झिजतात. पुढचं इतकं चांगलं, तर मागचं त्याहून चांगलं असणार, असं धरून तिने माप खिशात घातलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. मागच्या चाकाला तिने नुसता अंगठा लावला असता तरी पुरतं.

शेवटी तिने निर्णय दिला की कपलिंगच गेलं. नवं बसवता येईल, पण एवढ्या जुन्या गाडीत ते करण्यात अर्थ नाही.

बोर्गहिल्डने मान हलवली. ती घासाघीस करणाऱ्यांतली नाही, आणि शब्द देऊन बसली होती. पुढच्या आठवड्यात ती कप आणि बशा कागदात गुंडाळून खोक्यांत भरू लागली. वळणावर वाळू टाकून आर्नफिनने मला कसंबसं ट्रॅक्टरने वर आणलं होतं, म्हणून खोकी माझ्याच डिकीत रचली जात होती. निघालेल्या घराचं सामान वाहायचं आणि मग भंगारात जायचं, असा बेत होता. मला वाईट वाटलं. यंत्राला वाटत नाही म्हणतात, पण मला वाटलं.

शनिवारी मारित आली. आर्नफिनही आला. गाडी भंगारात गेली तरी चाकं कुणाच्या तरी उपयोगी पडतील, ती आधी उतरवून ठेवू, आणि खाली नेण्यापुरती उन्हाळी लावू, असं त्याचं म्हणणं. त्याने पुढची दोन काढली आणि भिंतीला टेकवली. मागची दोन काढली आणि वेगळी टेकवली. बोर्गहिल्ड हातात कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती.

"वेगळी कशाला ठेवतोस?" तिने विचारलं.

"अगं, घेणाऱ्याला कळायला नको? पुढची पुढे, मागची मागे. तुझ्या नवऱ्याने चोख लिहून ठेवलंय. एफ, फोरान. बी, बाक. मी सगळं त्याच्याच शब्दाने केलं."

बोर्गहिल्डने थर्मास माझ्या छतावर ठेवला, एका चाकापाशी वाकली आणि खडूच्या अक्षरावरून बोट फिरवलं. खडू तिच्या बोटाला लागला.

"आर्नफिन," ती म्हणाली, "माझा नवरा आयुष्यात कधी पुढे-मागे लिहीत बसला नाही. एफ म्हणजे फ्येल. ही डोंगराची चाकं आहेत. आणि ती बिग्डची, गावातली."

आर्नफिनने पाना खाली ठेवला. मारितने दोन चाकं एकमेकांशेजारी उभी केली, एक एफ आणि एक बी, आणि त्यांच्यावर एक फळी आडवी ठेवली. फळी एका बाजूला कलली. फार नाही, पण न बघणाऱ्यालाही दिसावी इतकी.

"म्हणजे मीच," आर्नफिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मीच तिला लंगडी केली."

"तू बोटीवर गाड्या लावायचास तेव्हा तरी आधी विचारायचास ना, कुठे जायचंय म्हणून?" बोर्गहिल्डने विचारलं. "चल, आता शेडमधली दुसरी दोन एफ आण. कॉफी नंतर."

त्याने आणली आणि काढलेली दोन बी डिकीत खोक्यांशेजारी ठेवली. चारही एफ माझ्या अंगावर चढली तेव्हा मी कितीतरी दिवसांनी सरळ उभी राहिले. त्या दिवशी हवा उबदार होती म्हणून रस्ता ओला आणि मऊ होता, उतरायला त्रास झाला नाही. सुन्निवाने सुट्टीच्या दिवशी गॅरेज उघडलं. डिकीतली दोन बी बाहेर काढून मोजली, आपल्याच कपाळावर हात मारला आणि आपण मागचं मोजलंच नव्हतं हे स्वतःहून सांगितलं. कपलिंगमध्ये जीव होता. तिने तेल पुन्हा बदललं, संगणकातून दिव्याची नोंद पुसून टाकली आणि म्हणाली की आता खरी परीक्षा त्या वळणावरच.

ते काम होईपर्यंत गारठा परतला होता आणि ओला रस्ता पुन्हा गोठला होता. टपालपेट्यांपाशी बोर्गहिल्डने मला थांबवलं. शेजारी मारित, पाय आधीच तळाशी रोवून बसलेली. मागे कपबशांची खोकी. मारितने वाळू टाकायला खाली उतरू का, असं विचारलं. बोर्गहिल्डने नको म्हटलं.

आम्ही निघालो. वळणावर माझी पुढची चाकं घसरली, जशी मागच्या वेळी घसरली होती. मग मागे, आसापाशी, काहीतरी घट्ट आवळलं गेलं. मागच्या चाकांनी पकड घेतली आणि ती ढकलू लागली. खोक्यांतल्या बशा खणखणल्या. मी चढले. अंगणात येऊन उभी राहिले तेव्हा काचेमागे एकही दिवा नव्हता.

मारितला हे सगळं आवडलं असं नाही. वळण तिथेच होतं आणि आई म्हातारीच होती. पण शब्द तिनेही दिला होता.

"खोकी आत नेऊ परत?" तिने विचारलं.

बोर्गहिल्डने श्वास आत ओढला आणि त्या श्वासातच 'हो' म्हणाली, अगदी स्टाइनारसारखं. मारितने एकदम तिच्याकडे पाहिलं, आणि मग दोघी गाडीतच बसून रडल्या. मी इंजिन हळूहळू थंड करत राहिले.

मेमध्ये चाकं उतरवायला मारित आली. खडू पुसट झाला होता. तिने पूर्ण शब्द लिहायला घेतला, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. बोर्गहिल्डने खडू तिच्या हातातून घेतला आणि जुन्या अक्षरावरूनच गिरवला. एफ, एफ, एफ, एफ. मग म्हणाली की लिहायचं एवढंच, बाकीचं तू लक्षात ठेव. आता त्या अक्षराचा अर्थ तीन बायका आणि एक ओशाळलेला शेजारी जाणतात. मलाही कळतो, पण मला मोजतो कोण.

मित्रांनो, जुन्या गाडीला फार काही लागत नाही. वेळेवर तेल द्या, चारही चाकं सारखी झिजू द्या, आणि दिवा लागला तर त्यावर टिचक्या मारू नका. भंगाराचा रस्ता धरण्याआधी एकदा मागेही वाकून बघा. आणि घरात कुणी कमी बोलणारं माणूस असेल, भिंतीवर, डब्यावर, चाकावर एकेकच अक्षर लिहून ठेवणारं, तर त्याचा अर्थ ते असतानाच विचारून घ्या. बोर्गहिल्डने विचारला होता, म्हणून या हिवाळ्यातही मी वर आहे.