बर्फात ठेवलेली नळी

आइस्क्रीमवाल्याचा गारठ्यावर जेवढा भरवसा होता तेवढा सख्ख्या मेहुण्यावरही नव्हता. गार ठेवलं की टिकतं, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. घोळ झाला तो त्यामुळेच.

बायकोला एचआयव्ही होऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो तिला जपत होता. दुकानात उभं राहायचं नाही, डबे उचलायचे नाहीत! ती चिडायची, पण तो ऐकेल तर शपथ.

जुन्या गोळ्या चालेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नव्या दिल्या. "आजाराशी लढणाऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात, दाराच्या कड्या म्हणा. विषाणू त्यांना धरूनच आत शिरतो. ही गोळी त्यातला एक अडवते," त्या म्हणाल्या. लागू पडली नाही तर पुढे फारसं काही उरत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

तीन महिन्यांनी रक्त काढलं आणि नेमकी दवाखान्याची गाडी बंद पडली. "मी नेतो की!" म्हणत आइस्क्रीमवाला पुढे सरसावला. नर्सने त्याच्या बर्फाच्या डब्यात एक नळी ठेवली, दुसरी कागदी पिशवीत दिली. बाहेर ऊन रणरणत होतं. नर्स विसरली बिचारी, असं म्हणत त्याने दुसरीही बर्फात खोचली. लॅबच्या दारात दोन्ही नळ्या रुमालाने पुसून, कोरड्या करून दिल्या. काम कसं चोख!

रिपोर्ट आला. विषाणू सापडतच नव्हता, पण लढणाऱ्या पेशी एकशे नव्वदवरून नव्वदवर आल्या होत्या. आइस्क्रीमवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरीणबाईंना हे दोन आकडे जुळेनात. त्यांनी लॅबला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"विषाणू गेला आणि पेशीही गेल्या?" लॅबमधल्या ताई म्हणाल्या. "पेशींची नळी आणली कशी?"

"बर्फातून," आइस्क्रीमवाला अभिमानाने म्हणाला. "दोन्ही!"

ताई ओरडल्याच. "अहो काका! विषाणूची नळी गार लागते, पेशींची नाही. पेशी आम्ही त्यांच्या रिसेप्टरवरून ओळखून मोजतो. गारठ्याने त्या बिघडल्या की मोजणीचे बारा वाजतात. पुन्हा रक्त पाठवा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने नवी नळी कागदी पिशवीतून नेली, सावली शोधत, तान्ह्या बाळाला नेल्यासारखी.

पेशी तीनशे दहा!

डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचून दाखवला. गोळी लागू पडली होती. आइस्क्रीमवाला आधी हसला, मग दवाखान्यात सगळ्यांसमोर ढसाढसा रडला, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

बायकोने त्याला तोच नळ्या पुसलेला रुमाल दिला.

"अहो, एक सांगू? सगळंच काही बर्फात टिकत नाही. मलाही जरा बाहेर राहू द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून दुकानात मी उभी राहणार. डबे तुम्ही उचला."

त्याने सवयीने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग रिपोर्टाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.