पान चौदा, पान एकाहत्तर

सिनेमात तो एकतीस वेळा न्यायाधीश झाला. एकदाही खुर्चीतून उठला नाही. टेबलाखाली पायात घरच्याच चपला.

डिंकाची मिशी ओढून काढताना वरच्या ओठाची कातडी थोडी सोलते. बावीस वर्षं, थोडी थोडी.

बेसिनच्या कडेवर, साबणाशेजारी, घडी घातलेला चष्मा.

नाटकाच्या वहीच्या चौदाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. एकाहत्तराव्या पानावरही आहे.

मुलगी, फोनवर: "बाबा, पुरे झालं आता. लोकांनी उठवायच्या आधी उठा."
"अगं, मी खुर्चीतून उठणारा नट नाही. सिनेमे बघितले नाहीस का माझे?"

*

नाटक एका बापाचं आहे. पहिल्या अंकात तो बाहेरून येतो, खुर्चीत बसतो. नाटकातली बायको विचारते, "पाणी देऊ का?" तो म्हणतो, "आधी जोडे काढू दे." हे पान चौदा.

तिसऱ्या, शेवटच्या अंकात तीच खुर्ची, तीच बायको, तोच प्रश्न. "पाणी देऊ का?" तेव्हा तो म्हणतो, "आपला मुलगा गेला. मला महिनाभर माहीत होतं." हे पान एकाहत्तर. मुलगा कुठे आहे, हे कळायला प्रेक्षक दोन तास बसलेले असतात.

बावीस वर्षांत ही दोन उत्तरं त्याने कधी अदलाबदल केली नाहीत. पण मागच्या दोन प्रयोगांत तो दुसऱ्या अंकात अडला. विंगेत वही घेऊन बसलेल्या बायकोने, म्हणजे खऱ्या बायकोने, वाक्य पुरवलं. ते दहाव्या रांगेत निर्मात्याला ऐकू गेलं.

"काका, राग मानू नका," निर्माता आज दुपारी म्हणाला होता. "आज अडलात, तर उद्यापासूनचा दौरा हा करेल."

हा म्हणजे बदली नट. दारात उभा. मिशी लावलेली.

"आत्ताच लावलीस होय रे?"

"नाही काका, चिकटते का ते बघत होतो."

"चिकटते. निघत नाही."

*

मेकअपच्या खोलीत त्याने आरशाला पहिला अंक म्हणून दाखवला. बायको मागे स्टुलावर.

"एक शब्द इकडचा तिकडे नाही," ती म्हणाली.

"मग आज तू समोर बस. प्रेक्षकांत."

"आणि तुम्ही माझ्याकडे बघायचं सोडणार आहात?"

सोडणार नव्हता. पाठ असलेलं वाक्यसुद्धा तो तिच्या ओठांवर एकदा बघून घेई, मग बोले. घरातून निघताना कुलूप ओढून बघतात तसं. प्रेक्षकांना वाटे, काय थांबतो हा माणूस! समीक्षकांनी त्या थांबण्यावर लेख लिहिले होते.

तिने पिशवी दोनदा उपसली.

"काय हरवलं?"

"काही नाही. रुमाल. चला, घंटा झाली."

*

विंगेत निळा दिवा. वहीची शिवण कधीच सुटलेली, पानं मोकळी. कोणीतरी उकडतं म्हणून पंखा लावला आणि अर्धी वही जमिनीवर गेली. तिने पानं गोळा केली. अक्षरं तिला दिसत नव्हती, नुसत्या मुंग्या. डाग दिसत होता. गोल, तपकिरी. ते पान तिने वर घेतलं. लांब धरल्यावर ठळक लिहिलेला एक शब्द लागला, आणि पुढचं ओठांना पाठ होतं; अंक कुठला, हे ओठ विचारत नाहीत.

"पाणी देऊ का?" नाटकातली बायको म्हणाली.

त्याच्या जिभेवर होतं: आधी जोडे काढू दे. अगदी टोकाशी. त्याने सवयीने विंगेत बघितलं.

तिचे ओठ म्हणत होते: आपला मुलगा गेला.

तो थांबला. हे ओठ कधी चुकले नव्हते. म्हणजे चुकलो मीच, त्याला वाटलं. म्हणजे हा तिसरा अंक. म्हणजे दोन अंक होऊनही गेले आणि मला पत्ता नाही. गुडघे दुखत होते, दमायला झालंच होतं. असेलही तिसरा.

"आपला मुलगा गेला," तो म्हणाला. "मला महिनाभर माहीत होतं."

नाटकातल्या बायकोच्या हातातला पेला कलला. पाणी तिच्या पायावर पडलं. मग ती मुरलेली बाई त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अंग तापलंय तुमचं. काहीतरीच बरळताय. जोडे काढा आधी."

नाटक पुढे गेलं. पण पाणी सांडलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. उरलेले अंक लोक नुसते बसून होते.

*

"काका, विसरलात," निर्माता म्हणाला.

बायको दारात. हातात ते पान. तिने तोंड उघडलं.

"विसरलो," तो आधी म्हणाला. "डोकं चालत नाही आता."

"अहो, पण…"

"तू सामान आवर."

निर्माता गेला. बदली नट घुटमळला. "काका, पान चौदावर तुम्ही मोजून किती थांबता?"

"मोजत नाही. जोड्याची गाठ सुटेपर्यंत थांब."

दोघंच राहिल्यावर ती म्हणाली, "पान मी चुकीचं धरलं होतं."

"माहीत आहे. संपता संपता कळलं. तिसरा अंक परत आला तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"सांगून काय? तुला काढली असती. मग मी कोणाकडे बघितलं असतं?"

"आणि आता?"

"आता घरी बघीन."

त्याने मिशी ओढली. ओठ चरचरला. तिने खुंटीवरचा कोट काढून त्याच्यासमोर धरला, आणि त्याने एकेक हात बाहीत घातला.

सकाळी घरातून निघताना, ही विसरेल म्हणून, बेसिनवरचा तिचा चष्मा उचलून त्यानेच या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता.