जास्तीचं लोखंड

नवी बाई आली आणि पोरं मला विसरली. एकोणीस वर्षं मी या शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतलं, वजनं करून दिली, भाजलेल्या बोटांना मलम लावलं. आणि आता मधल्या सुट्टीत सगळी तिच्याभोवती. मला मेलीला काय, तर "मावशी, जरा सरका." नुसता जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मोठ्या बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर बसणार होत्या. तास चांगला झाला तर नवी कायम, नाहीतर घरी. धडा मिश्रण आणि संयुगाचा. सात ग्रॅम लोखंडाचा कीस, चार ग्रॅम गंधक. हे प्रमाण मी झोपेतसुद्धा सांगेन. मी कीस दहा ग्रॅम घातला.

बाईनं भुकटीवर लोहचुंबक फिरवलं. कीस वर, पिवळं गंधक खाली. "हे मिश्रण. एकत्र आहेत, पण वेगळे करता येतात." मग दोन्ही पुन्हा कालवून परीक्षानळीत तापवलं. आतली भुकटी लालभडक होत गेली, पोरं "आई गं" म्हणाली. गार झाल्यावर तिनं काळा खडा कुटला. "हे संयुग. यात लोखंड लोखंड राहिलं नाही. चुंबकाला दाद देणार नाही."

चुंबक जवळ नेलं. कण पटापट चिकटले.

वर्ग खिदळला. मोठ्या बाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. काय गार वाटलं म्हणून सांगू मला!

बाईनं चुंबकाकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे. तिला कळलं होतं. आता माझं नाव घेणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते.

"चूक माझी," ती वर्गाला म्हणाली. "वजन मी तपासायला हवं होतं. कीस जास्त पडला. गंधकानं हवा तेवढाच घेतला, उरलेला तसाच राहिला. मिश्रणात कशाचंही प्रमाण कितीही चालतं. संयुगात ते ठरलेलं असतं."

इतकं सोपं करून कुणी सांगितलेलं मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "छान सावरलंत. कायम झाल्याचं पत्र उद्या घेऊन जा."

वर्ग रिकामा झाल्यावर ती ट्रे घेऊन माझ्याकडे आली. "ताई, पुढच्या वेळी वजन करताना मला बोलवाल?"

भांडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. आता पोरंही तिची आणि उपकारही तिचेच. "बोलवीन," म्हटलं, आणि माझं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.