गुडघ्याची पांढरी, कमरेची गुलाबी

मूत्रपिंडाच्या तपासणीत अंजनाबाईंचं क्रिएटिनिन चार पॉइंट दोन आलं, तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याच्या डॉक्टरांनी एकच विचारलं: दुखण्याची गोळी कोणती घेता? अंजनाबाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. गुडघ्याची पांढरी, कमरेची गुलाबी. रोज दोन-दोन, सहा वर्षं. स्ट्रिपचे कापलेले चौकोन होते ते. नाव एकावरही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजच नाव कळवा.

त्यांची मुलगी माया बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी. सहा वर्षं पुडी घरात होती आणि आपण एकदाही विचारलं नाही, या विचारानं कोराडी येईपर्यंत बसमध्ये आईशेजारी ती धुमसत होती.

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीच्या फाटकासमोर देवाजीचं औषधांचं दुकान. तो स्ट्रिप कोऱ्या बाजूनं कापत जाई. नावाचं टोक शेवटी त्याच्याकडेच उरे. मायानं दोन्ही टोकं मागून घेतली आणि बारीक अक्षरं वाचली. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. औषध एकच, डायक्लोफेनॅक.

"काका, दोन्ही एकच आहेत. आई दुप्पट घेत होती. चिठ्ठीशिवाय देता कशा?"

"सारी कोराडी घेते. ह्या गुडघ्याची मांगत, कमरेची मांगत, मी देल्ली. नाव कोण इचारते?"

"मूत्रपिंडं गेली तिची."

"पाणी कमी पेत असन."

त्या शांत आवाजानं माया आणखी भडकली. औषध प्रशासनाकडे तक्रार करते, असं तिनं सुनावलं. अंजनाबाईंनी तिची बाही ओढली. "त्याले काहून बोलतं वं? मीच मांगत होती ना." मायाला आता आईचाही राग आला.

तिनं टोकांचे फोटो डॉक्टरांना पाठवले. त्यांचं उत्तर लगेच आलं: दोन्ही आजपासून बंद.

"दोन्ही? मंग उद्या उभी कशी राहू?" वसाहतीच्या मेसमध्ये त्यांना रोज सकाळी उभ्यानं तीनशे पोळ्या लाटायच्या असत. मायाला त्या औषधाच्या रेणूची आकृती पाठ होती, याचं उत्तर येत नव्हतं.

देवाजीला येत होतं. त्यानं मागच्या फळीवरून डबी काढली. "हे घ्या. जडीबुटीची हाय. किडनीले काही नाही करत." डबीवर घटक छापलेलेच नव्हते.

अंजनाबाईंचा हात पुढे गेला. मायानं मनगट धरून त्यांना दुकानाबाहेर ओढलं. पायरी उतरताना गुडघ्यातून कळ गेली, त्या कण्हल्या. मायानं ते ऐकलं, तरी पकड सोडली नाही.