म्हसोबाचा चढ आणि दोन टर्बो

कनेरगाव नाक्यावर माझं गॅरेज आहे आणि मला राग लवकर येतो, या दोन्ही गोष्टी आसपासच्या दहा गावांना माहीत आहेत. धूर ओकत गाडी आली की मी बोनेटच्या आधी ड्रायव्हरकडे बघतो आणि म्हणतो, ताणलीस. शंभरात नव्वद वेळा ते खरं निघतं. उरलेल्या दहांच्या नादी मी कधी लागलो नाही.

रामकिशन हा मेंढरं-बकऱ्या पाळणारा माणूस. सेनगावच्या बाजूला, एका खोलगट जागी त्याची वाडी. बकऱ्या बाजाराला न्यायच्या आणि हंगामात लोकांचं सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोचवायचं म्हणून त्याने पिकअप घेतली. चालवायला त्याचा लेक सोमेश्वर. तीन वर्षांपूर्वी बाप-लेक माझ्याकडे आले. म्हणाले, वाडीतून डांबरीला लागेपर्यंत दोन किलोमीटरचा चढ आहे, भरलेली गाडी तिथे रडते, काहीतरी करा. मी केलं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं मॅपिंग बदलून डिझेल थोडं जास्त सोडलं, टर्बोचा दाब वाढवला, सायलेन्सरचा पाइप मोठा टाकला. गाडी हसत चढायला लागली. बाप खूश, लेक खूश, मीही मिशीला पीळ दिला.

आठ महिन्यांत टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरागरा फिरणारा पंखा. त्याचा दांडा तेलावर तरंगत फिरतो. तो दांडा बोटाने हलत होता आणि त्याच्याभोवतीच्या तेलाचा जळून कोळसा झाला होता. मी सोमेश्वरला म्हणालो, ताणलीस. तो म्हणाला, न्हाई ताणली, चढाला मी पाय उचलूनच चालवतो. मी हसलो. रामकिशन हसला नाही. भर नाक्यावर, चहा पिणाऱ्या माणसांदेखत, त्याने लेकाला खोटारडा म्हटलं. सोमेश्वर त्याच आठवड्यात चाकणला एका कंपनीत लागला. तो पोळ्याला आला नाही की दिवाळीला.

सासू बनाबाई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याची बायको दिपाली मागेच राहिली. नवा टर्बो टाकलेली गाडी दारात नुसती उभी होती. तिने दोन महिन्यांत गाडी शिकून लायसन काढलं आणि खेपा सुरू केल्या. बाई पिकअप चालवते म्हणून पारावरचे लोक तोंडाला येईल ते बोलायचे. सोयाबीन मात्र त्यांचंच असायचं, आणि ते वेळेवर मोंढ्यात पोचायचं.

या श्रावणात दुसरा टर्बो गेला. तसाच ढिला दांडा, तसाच कोळसा. या खेपेला मी तोंडाने काही म्हणालो नाही, नुसतं दिपालीकडे बघितलं. रामकिशनला तेवढं पुरलं. तो म्हणाला, टर्बो टाका, शुक्रवारी आखाडा बाळापूरहून गिऱ्हाईक येणार आहे, गाडी देऊन टाकतो. बाईच्या हाती यंत्र टिकत नाही, असंही म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी दिपाली एसटीने एकटी आली. इंजिन किती तापतं ते डोळ्याला दिसेल असं काही बसवता येतं का, विचारू लागली. मी म्हटलं, गाडी तर विकायला चालली, आता काहून?

"गाडी गेली तर मी परत खुरपायला जाईन, त्याची तकलीफ न्हाई," ती म्हणाली. "पण आधी ह्यांना खोटं पाडलं, आता मला पाडून राहिले. शुक्रवारच्या आत मला कळाया पाह्यजे, चूक कोणाची ते."

मला राग आला, आणि तो तिचा नव्हता. डिझेल वाढवलं की धुराची उष्णता वाढते, आणि ती मोजणारा काटा आधी बसवायचा असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून मी तो कधी बसवत नव्हतो. आपलंच शहाणपण आपण कपाटात ठेवलं होतं.

काम मात्र मी नीट केलं. इंजिनातला धूर ज्यातून बाहेर पडतो ते मॅनिफोल्ड पूर्ण उतरवलं आणि मग त्याला भोक पाडलं. गाडीवर बसल्या जागी ड्रिल मारणारे महाभाग आहेत. लोखंडाचा एक कीस आत गेला की टर्बोची वाट लागते. भोकात उष्णता जोखणारी पेन्सिलीएवढी दांडी बसवली, तिची वायर स्टिअरिंगसमोरच्या काट्याला जोडली, नवा टर्बो चढवला. गाडी न्यायला आलेल्या दिपालीला सांगितलं, काटा सातशे अंशांवर गेला की पाय उचलायचा.

बुधवार हा कनेरगावच्या बाजाराचा दिवस. मी पहाटेच्या एसटीने वाडीला गेलो. मागे बावीस बकऱ्या, पुढे स्टिअरिंगवर दिपाली, मध्ये मी, खिडकीशी रामकिशन. खरं सांगायचं तर मी तिची चूक पकडायलाच बसलो होतो. चूक तिची निघाली असती तर मी सुटलो असतो.

चढ लागला. काटा चारशे, पाचशे, सहाशे. तिने वेळेवर दुसरा गिअर टाकला आणि पाय हलका केला. काटा सहाशे साठला जाऊन थबकला, तिथून पुढे सरकला नाही. इतका सांभाळून पाय माझाही पडत नाही. मला चूक सापडेना.

चढाच्या माथ्यावर लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. गाडी तिथे पोचली तसा रामकिशन म्हणाला, "बंद कर." दिपालीने चावी फिरवली. बंद पडायच्या आधी काटा सहाशे दहावर होता.

रामकिशन उतरला, पायातली पायताणं काढली आणि उदबत्ती लावायला गेला. बोनेटखाली तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं.  मी दिपालीला विचारलं, इथे दर खेपेला बंद करता?

"दर खेपेला. हे चालवत व्हते तवा बी," ती म्हणाली. "मामा म्हणतात, देवापुढं घरघर नको. आन् चढून आलेलं जितराब इथं दम खातं, तसा गाडीला बी दम खाऊ द्यावा."

तिचे मामा म्हणजे सासरे. मी तिला सांगितलं की दोन्ही टर्बो इथेच मेले, हळूहळू, दर खेपेला थोडे थोडे. ती हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी सांगा. माझ्या तोंडून नको."

मी उतरलो. रामकिशनला म्हटलं, "दादा, चढ चढून फेसाळलेल्या बैलाला तुमी लगेच हौदावर नेता का?"

"न्हाई. पोट धरंल त्याचं. आधी जरा फिरवून गार करावा लागतो."

"गाडीचं तसंच हाये. चढून आली की तीन-चार मिनिटं उभ्या जागी चालू ठेवायची. इकडं चावी फिरवली की तेल थांबतं, आन् लाल झालेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून जातं."

त्याने गाडीकडे बघितलं, मग दिपालीकडे. म्हसोबाकडे मात्र बघितलं नाही. "म्हंजे म्याच," तो म्हणाला. "बंद कर म्हणून मीच सांगत व्हतो."

मी म्हटलं, तुमी एकटे न्हाई. ताणलीस असं मी म्हणालो, न बघता म्हणालो.

त्याने खिशातून फोन काढून दिपालीच्या हातात दिला आणि सोमेश्वरला लाव म्हणाला. तिने लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे मशिनींचा आवाज होता.

"म्या तुला खोटारडा म्हणलो व्हतो," रामकिशन म्हणाला.

"व्हय."

"तू खरा व्हतास."

 सोमेश्वरने विचारलं, गाडी विकली का. बाप म्हणाला, न्हाई, दिपाली चालवते, तीच चालवणार, त्या गिऱ्हाइकाला आजच नको म्हणतो. एवढं बोलून त्याने फोन माझ्यापुढे धरला. "मिस्तरी, आता तुमी बोला. पहिला शबूद तुमचा व्हता."

मला माफी मागायची सवय नाही.  कसंबसं म्हटलं, सोमेश्वर, चूक माझी होती.

"माझं सोडा भाऊ," तो म्हणाला. "मी निघून आलो, सुटलो. ती तिथंच ऐकत राहिली. आधी तिला म्हणा."

दिपाली समोरच उभी होती. मी मान खाली घालून म्हणालो, "दिपाली, तुझी चूक नव्हती."

"मला ठाऊकच व्हतं," ती म्हणाली. "लोकांना सांगा."

बाजारात पोचलो तेव्हा माणसांची दाटी झाली होती. दिपालीने गाडी लावली आणि चालूच ठेवली. रामकिशन बकऱ्या उतरवायला लागला. मी टपरीवरच्या पहिल्या ओळखीच्या माणसाला हाक मारली आणि सांगायला सुरुवात केली.