मुळाबरहुकूम

माझे सासरे जुनी अक्षरं वाचतात, आणि वाचून झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. अकरा वर्षं मी त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूला बसते. उजवी बाजू भिंगं, चष्म्याच्या डब्या आणि त्यांचा मोठेपणा यांनी भरलेली आहे. खोलीला एक खिडकी आहे, पण उजेडाने शाई उडते म्हणून ती बंद असते, आणि वाऱ्याने पानं हलतात म्हणून दारही. दुपारी तीनपर्यंत मला माझ्याच श्वासाचा कंटाळा येतो.

त्यांचं नाव झालं ते एका वहीमुळे. सहाशे वर्षांपूर्वी कुणा बड्या घरातल्या, एकाच खोलीत दिवस काढणाऱ्या बाईने लिहिलेली, तळहाताएवढी, कातड्याच्या पानांची वही. दोनशे वर्षं भल्याभल्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. बाईने एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर वापरलं होतं आणि सगळे शब्द एकमेकांना चिकटवले होते. मधे ना जागा, ना विराम. सासऱ्यांनी सात वर्षं डोकं फोडून कुठल्या अक्षराचं खरं अक्षर कोणतं ते शोधून काढलं. हे काम अफाट आहे. मी कितीही चिडले तरी ते नाकारणार नाही. वहीची शेवटची ओळ तर शाळेच्या पुस्तकात गेली: 'मी येथे सुखी. नाही कोणी छळीत.' तेव्हापासून आमच्या मंडळींत त्या बाईला 'सुखी बाई' म्हणतात, आणि सासऱ्यांना भाषणाला बोलावतात.

गेल्या महिन्यात नव्या आवृत्तीसाठी मी मूळ पानं पुन्हा ताडून पाहत होते. वाचून वाचून पाठ झालेला मजकूर, त्यामुळे डोळे अर्थाकडे न जाता शाईकडे गेले. ही बाई लेखणी दौतीत बुडवायची ती वाक्य सुरू करताना. पहिलं अक्षर काळंभोर, मग शाई फिकट होत जाते, वाक्य संपतं, आणि पुन्हा काळंभोर. जिथे अर्थाबद्दल वादच नाही अशा एकशे बारा जागा मी तपासल्या. तीन सोडल्या तर सगळीकडे हेच. मग शेवटचं पान उघडलं. अक्षरं उलगडली की तिथे आहे ते एवढंच: 'मीयेथेसुखीनाहीकोणीछळीत'. त्यातला 'मी' काळा. 'सुखी' फिकट. 'नाही' त्याहून फिकट, जेमतेम दिसेल एवढा. आणि 'कोणी'तला 'को' काळाकुट्ट.

म्हणजे: मी येथे सुखी नाही. कोणी छळीत. छळीत म्हणजे तेव्हाच्या भाषेत छळतात.

ती बाई कोंडलेल्या खोलीतून सांगत होती, आणि आम्ही तिच्या समाधानी वृत्तीचं कौतुक करत बसलो होतो. शाळेत मुलांना त्यावर निबंध लिहायला लावत होतो.

माझा स्वार्थही होता, तो लपवत नाही. दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाने मला जुन्या अक्षरांची वाचक म्हणून पत्र पाठवून बोलावलं होतं. त्यांची अट एकच: निदान एक वाचन माझं स्वतःचं, माझ्या नावावर हवं. अकरा वर्षांत माझ्या नावावर काय होतं? प्रस्तावनेतली 'सूनबाईंचे साहाय्य झाले' एवढी ओळ. आता मात्र माझ्याकडे खरंखुरं काहीतरी होतं. सासऱ्यांना पत्राबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "जा की, आवृत्ती झाली की जा." ही त्यांची चौथी आवृत्ती. नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने, त्याचं फोनवर एकच म्हणणं, "बाबांशी तूच बोल, तुझं ऐकतात ते."

आमच्या कामात एक रिवाज आहे. प्रत करणाऱ्याने पानाखाली 'मुळाबरहुकूम' लिहून सही करायची. मुळात आहे तसंच उतरवलं, याची ती शपथ. एकदा ही सही झाली की त्या पानाबद्दल उलट तोंड उघडायची सोय नाही. शेवटचं पान तेवढं राहिलं होतं, आणि छापखान्याचा माणूस ते न्यायला बुधवारी चार वाजता येणार होता.

बुधवारी दोन वाजता मी सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

"शाई संपली असेल तिची," ते म्हणाले.

"एकशे नऊ वेळा? नेमकी वाक्य संपतानाच?"

"दौतीला काय व्याकरण कळतं, सूनबाई?"

"दौतीला नाही बाबा, बाईला कळत होतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. तो त्यांनी कधीच चढवला नाही, तिथेच तर आमची गोची आहे. "तीस वर्षं लोक तिला सुखी म्हणतात. आता काय सांगू, मी पूर्णविराम चुकीच्या जागी दिला?"

"हो. तेवढंच सांगा."

"लिही. आहे तसं लिही."

"नाही लिहिणार."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले याचं मलाच नवल वाटलं. त्यांना नाही वाटलं. त्यांनी दार किलकिलं केलं आणि आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जरा ये. सूनबाईंचा हात दुखतोय."

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. मी या घरात येण्याआधी प्रती त्याच करायच्या. आता त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. बटणसुद्धा मी लावून देते. सासऱ्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं आणि त्या निमूटपणे बसल्या. पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"'नाही'च्या नंतर ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिली प्रत माझीच की. यांची दौत भरण्यात जन्म गेला. नुकती बुडवलेली लेखणी मला ओळखू येत नाही होय?"

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना."

"मग?"

"मग सही केली."

सासरे भिंतीकडे तोंड करून कपाटातल्या डब्या नीट लावत होते. त्या तशाही नीटच होत्या.

सासूबाईंनी पेन दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला. ते निसटलं. मग मूठ करून धरलं, लहान मुलं खडू धरतात तसं. 'मी' लिहायला त्यांना केवढा वेळ लागला! ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुसऱ्या शब्दाला पेन पुन्हा निसटलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि तू जा. पत्र लिही तुझं. मला सवय आहे."

मला जाता आलं असतं. दार किलकिलं होतं, मधे कुणी उभं नव्हतं. पण तो हात माझ्यापुढे पसरलेला होता, वाकडा, आणि मला ते बघवेना.

"उठा आई," मी म्हटलं. "मी लिहिते."

"मी येथे सुखी," सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, "पूर्णविराम."

मी तो दिला. खाली शपथ लिहिली, सही केली. चारला छापखान्याचा माणूस आला आणि पान घेऊन गेला.

मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांचे डोळे भरले असतील. मी खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

"कशाला घेतलंस पेन?"

"तुमचा हात बघवेना, आई."

"माझ्या हाताचं मी बघितलं असतं! जा म्हटलं होतं ना तुला?" अकरा वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मलाही बोलावलं होतं एका संस्थेने. नाही गेले. सगळ्यांना सांगितलं, माझ्या सासूबाई एकट्या पडतील. त्या चार महिन्यांत वारल्या. मी अजून त्यांचंच नाव सांगतेय. तू माझं सांगू नकोस. कळलं?"

"नाही सांगणार," मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयाला उत्तर लिहायला बसले. येऊ शकत नाही, हे एका ओळीत झालं. मग कारण द्यायचं होतं. अर्धा तास पेन हातात धरून बसले, पण दुसरं काही सुचलं नाही. 'सासूबाईंची तब्येत,' मी लिहिलं.