पहिल्या पानावरचा खुनी

खुनाच्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर कोणी पेन्सिलीने 'खुनी – माळी' असं लिहून ठेवलं, तर पुढच्याने काय डोंबल वाचायचं? अठ्ठ्याण्णव साली देवळाली कॅम्पातल्या माझ्या वाचनालयात एकतीस पुस्तकांत हा उद्योग झाला. खोडलं तरी वळ राहायचा. निम्मे सभासद गेले. आमचे हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर तिथे एसटीडी बूथ टाकू." माझा सगळा जीव त्या दहा बाय दहाच्या खोलीत! लिहिणारा सापडला तर त्याचा हातच तोडणार होते मी.

उरलेल्यांत दोघे पक्के वाचणारे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले हनीफभाई रहस्यकथांमधल्या तात्या मिरीकरांचे भक्त. हे तात्या आरामखुर्चीतून न उठता, सुपारी कातरत गुन्हेगार सांगतात. दवाखान्यातल्या मनीषा नर्सचा जीव कॅप्टन वज्रेवर. तो वेषांतर करतो, धावत्या मालगाडीवर उड्या मारतो.

"तुमचे तात्या कधी उन्हात तरी गेलेत का हो?" मनीषा चिडवायची.

"आणि तुझा कॅप्टन कधी डोकं वापरतो का? सगळं काम पायांनीच!" हनीफभाई म्हणायचे.

"भांडण पुरे, मला तो मेला पकडून द्या," मी ओरडले.

हनीफभाईंनी माझी नोंदवही मागितली आणि तीन दिवस स्टुलावर बसून राहिले. मध्ये चहा तेवढा मागायचे. मनीषाने स्कार्फ, गॉगल चढवला आणि लुनावरून एका पेन्शनर हवालदाराचा लहवितपर्यंत पाठलाग केला. तो बिचारा कोथिंबीर आणायला गेला होता.

चौथ्या दिवशी हनीफभाई म्हणाले, "सुवर्णाताई, एकतीसच्या एकतीस पुस्तकं एका घरी जाऊन आलीत. कमळाबाईंच्या."

मी उडालेच. कमळाबाई म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई, मनीषाला बाराखडी त्यांनीच शिकवलेली. "पण बाई असं का करतील?" यावर हनीफभाईंनी नोंदवही मिटून माझ्यापुढे सरकवली. तात्यांच्या गोष्टी नाव सापडलं की संपतात. मनीषा मात्र चपला घालून दारात उभी होती. "चला, त्यांनाच विचारू."

बाईंच्या घरात जिकडेतिकडे चिठ्ठ्या, आणि त्यांवर पुस्तकांतलं तेच वळणदार अक्षर. शेगडीपाशी 'गॅस बंद केला का?', दारावर 'किल्ली घे', मुलाच्या फोटोखाली 'स्वराज, पुण्याला असतो'. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले.

"वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून सगळेच कोपऱ्यात खूण करतात ना गं," बाई ओशाळून म्हणाल्या. "मला नुसत्या खुणेने आठवेना. म्हणून खुन्याचं नाव लिहायला लागले. दुसऱ्यांचं काही सुचलंच नाही बघ."

मनीषाने त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. हनीफभाईंनी डोकं लढवलं: यापुढे बाईंनी पुस्तक परत करताना खुनी माझ्या कानात सांगायचा, मी तो त्यांच्या नावाच्या वहीत लिहायचा. ती एकतीस पुस्तकं मी बाईंसाठी वेगळ्या फळीवर लावली. सभासद हळूहळू परतले. दिवाळी झाली, बूथचं नाव कोणी काढलं नाही.

त्यानंतर एकदा बाईंनी त्या फळीवरचं एक पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचं स्वतःचंच अक्षर वाचलं आणि ठसक्यात मान हलवली.

"पुतण्या? छे, शक्यच नाही! सुवर्णा, कोणी लिहिलंय हे? काहीतरी गोंधळ झालाय त्याचा."

आणि शहानिशा करायला पुस्तक पिशवीत टाकून तरातरा घरी निघाल्या.